इंजिनाचा डावा खांदा

सिटीवेस्टहून निघताना केतकीने गाडीत आधी लेझरची पेटी ठेवली, मग तिची तिपाई, मग दशम्यांचा डबा, आणि सगळ्यात शेवटी मला बसवलं. पेटीला पट्टा लावला, मला मात्र "आई, belt लाव गं" असं नुसतं सांगितलं. लेक परदेशात गेली की आईचा क्रमांक कितवा लागतो हे मला त्या दिवशी कळलं.

मी लेकीकडे आले होते ते विश्रांतीसाठी. आमचे हे गुडघ्यांमुळे पुण्यातच राहिले. सिटीवेस्ट म्हणजे डब्लिनच्या कडेला नवी घरं, काचेच्या कचेऱ्या आणि लुआस (तिथली ट्राम). तिथे विश्रांती एवढी मिळते की माणूस विश्रांतीने दमतो. सगळी भांडी प्रेसमध्ये (कपाटाला तिथे प्रेस म्हणतात, इस्त्रीशी काही संबंध नाही) लावून झाली, प्रेसची मापंही घेऊन झाली. मी रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात उभी हयात काढलेली बाई. कुठल्याही दारातून जाताना माझी नजर आधी चौकटीवर जाते.

म्हणून केतकीने विचारलं, "आई, weekend ला एका tunnel चं scanning आहे, येतेस का? Actually तुझ्याच line चं काम आहे," तेव्हा मी चपला शोधायलाही वेळ लावला नाही.

काम असं होतं. लिमरिकच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत, एक बंद पडलेला रेल्वेचा फाटा गावातल्या हौशी लोकांनी पुन्हा जिवंत केला होता. थोडेसे रूळ, एक स्टेशन, एक बोगदा आणि एक जुनं डिझेल इंजिन. गावाचं नाव मी सांगत नाही, तिथल्या एका बाईंना ते आवडणार नाही. मोजणीच्या पुढच्या रविवारी, फाटा पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्यांदाच, गाडी बोगद्यातून जायची होती. त्याआधी इंजिनाच्या केबिनमध्ये एक बदल करावा की करू नये, हे केतकीच्या मापांवर ठरणार होतं.

रस्ताभर पाऊस होता. तिथला पाऊस पडत नाही, नुसता असतो. पेट्रोलपंपावर थांबून आम्ही चहा घेतला. काउंटरवरच्या मुलाने मला "यू आर ग्रँड" म्हटलं. ग्रँड म्हणजे ठीक, छान, हरकत नाही, असू दे, सगळंच. मी सुट्टे पैसे चुकीचे दिले होते, तरी ग्रँड.

हमरस्ता सोडला तशी घरं विरळ झाली. मग शेतांमध्ये एकेकटं उभं असलेलं काटेरी झाड दिसायला लागलं. एका ठिकाणी शेत नांगरलेलं होतं, पण मधोमध त्या झाडाभोवती मोठं वर्तुळ न नांगरता सोडलेलं. केतकी म्हणाली, "ते झाड कोणी तोडत नाही इथे. ते 'त्यांचं' असतं."

"कुणाचं?"

"असं विचारायचं पण नसतं, आई."

त्या झाडाला वळसा घालून गेलेली ट्रॅक्टरची चाकोरी मात्र मी वळून वळून पाहिली. न दिसणाऱ्यासाठी जागा सोडायची तर ती अशी नीट मोजून सोडलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

स्टेशनवर डोनल आमची वाट पाहत होता. इंजिन चालवणारा तोच. मोठा आडदांड गडी, दाढीत पावसाचे थेंब, बोलणं भरभर आणि गोड. शेजारी एक उंच, ताठ, पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या होत्या. डोनलने ओळख करून दिली, "ह्या आयलीन. बोगद्याच्या तोंडाशी घर आहे ना, तिथे राहतात. पूर्वी रेल्वेचंच घर होतं ते." आयलीनबाईंनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांची नजर केतकीच्या लेझरच्या पेटीवर होती, आणि त्या नजरेत भीती होती.

मग इंजिन पाहिलं. इथे घरच्या वाचकांसाठी चार ओळी लिहायला हव्यात, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

प्रत्येक देशाच्या रेल्वेला एक न दिसणारी चौकट असते. गाडीचा कुठलाही भाग त्या चौकटीबाहेर जाता कामा नये, नाहीतर पूल, फलाट, बोगदा, कुठेतरी घासणार. ब्रिटनने रेल्वे सगळ्यांत आधी बांधली, छोट्या इंजिनांसाठी बांधली, म्हणून त्यांची चौकट फार कंजूस. अमेरिकेत मात्र मोकळं रान, त्यामुळे तिथली डिझेल इंजिनं उंच आणि रुंद. असलं इंजिन ब्रिटनच्या चौकटीत बसवायचं म्हणजे छप्पर खाली घ्या, वरचे दोन्ही कोपरे तिरके कापा, पंखे आडवे करा, टाक्या चपट्या करा. आयर्लंडचे रूळ ब्रिटनपेक्षा रुंद, पण हा फाटा बांधला इंग्रजांच्या काळात, त्याच कंजूस हाताने. म्हणून हे इंजिनही त्याच मापाने छाटलेलं. थोरल्याचा सदरा धाकट्याला बसवावा तशी ही शिवणकामं मी स्वतः वर्षानुवर्षं केली आहेत, आपल्या घाटातल्या बोगद्यांसाठी. शिवण कुठे घातली हे मला लांबून दिसतं.

ह्या इंजिनाला लांब, अरुंद नाक होतं आणि मागे रुंद केबिन. वरचे दोन्ही कोपरे तिरके, नियमाप्रमाणे. छप्पर बसकं, नियमाप्रमाणे. पण डावी बाजू पाहिली आणि मी थांबले. केबिनची डावी भिंत कमरेपासून छपरापर्यंत आणखी आत घेतली होती. चांगली वीतभर. उजवी तशी नव्हती. त्यामुळे इंजिन एक खांदा आखडून उभं असल्यासारखं दिसत होतं, गर्दीत आपण कुणाला धक्का लागू नये म्हणून आखडतो तसं.

मी केतकीला म्हटलं, "हे कुठल्याच नियमात नाही."

"तेच ना!" डोनलला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं. "केबिनमध्ये दोन माणसं लागतात, आणि त्या बाजूला धड बसता येत नाही. मी मूळ आराखड्यासारखी सरळ भिंत बनवून घेतली आहे. तुमच्या मुलीने बोगद्यात जागा आहे म्हटलं की सोमवारी वेल्डिंग." शेडच्या भिंतीला टेकवलेला नवा कोरा पत्रा त्याने मला दाखवला. काम चोख होतं.

"पण हे कापलं कशासाठी?" मी विचारलं.

डोनलने खांदे उडवले. "युअर मॅन (म्हणजे तो कोणीतरी माणूस), जुना नकाशेवाला, त्याच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक."

आयलीनबाई घराकडे चालू लागल्या.

केतकीने बोगद्यात लेझर लावला. तो गोल फिरतो आणि भिंतीवरचे असंख्य ठिपके टिपून आणतो, मग लॅपटॉपवर ठिपक्यांचा बोगदा तयार होतो. स्टेशनच्या खोलीत बसून तिने तो मला दाखवला. विटा, ओल, कामगारांना गाडी येताना अंग चोरून उभं राहायला केलेला डावीकडचा कोनाडा, सगळं दिसत होतं. जागाही भरपूर होती. फक्त कोनाड्याच्या अलीकडे भिंतीवर एक भोक होतं. भिंतीत नव्हे, चित्रात. तेवढ्या जागेत एकही ठिपका नव्हता. उंच, वर निमुळतं होत गेलेलं.

"ओल असेल," केतकी म्हणाली. "काळ्या ओल्या भिंतीवरून laser परत येत नाही कधीकधी. किंवा मध्ये काही उभं असलं की मागे अशी shadow पडते. पण मध्ये तर काही नाहीये. Software भरून टाकतं असली भोकं, आजूबाजूची भिंत बघून." तिने एक कळ दाबली आणि भोक बुजलं. तिथे गुळगुळीत भिंत आली.

मला ते आवडलं नाही. आमच्या ऑफिसात माप मिळालं नाही तर नकाशावर जागा कोरी सोडायची पद्धत होती. अंदाजाने रेघ मारणाऱ्याचा नकाशा साहेब सगळ्यांसमोर परत करायचे. मी म्हटलं, "जुन्या पद्धतीने एकदा करू या."

जुनी पद्धत म्हणजे पोरखेळ वाटावा इतकी साधी. इंजिनाच्या बाहेरच्या आकाराची लाकडी चौकट ट्रॉलीवर उभी करायची, तिच्या कडेला वीतवीतभर लांब मऊ तारा काट्यांसारख्या लावायच्या आणि ट्रॉली हळूहळू ढकलत न्यायची. तार वाकली की समजायचं, तिथे वीतभरही जागा नाही. डोनलने फळ्या काढल्या, सोल्डरच्या तारेचं रीळ काढलं. त्याला मजा वाटत होती. दुपारपर्यंत चौकट उभी राहिली, नव्या सरळ भिंतीच्या मापाची.

बोगद्याकडे जाणारी वाट खोल खणलेली होती. दोन्ही बाजूंना नेच्यांनी भरलेले काळे खडक आणि वरून धुकं. पक्ष्यांचा आवाज इतका वेळ होता, तो खणीत शिरल्यावर बंद झाला. बोगद्याच्या तोंडावर वरच्या अंगाला तसलंच एक काटेरी झाड होतं. त्याच्या खालून जाताना डोनलने टोपी काढून परत घातली. मी विचारलं नाही. विचारायचं नसतं असं ऐकलं होतं.

आत पाण्याची टिपटिप आणि आमच्या पावलांचा आवाज, बाकी काही नाही. बोगदा लहान, पण किंचित वळलेला, त्यामुळे मधे गेलं की दोन्ही तोंडं दिसेनाशी होतात. पलीकडे उजेडात आलो आणि मी चौकट तपासली. उजवीकडच्या सगळ्या तारा सरळ. डावीकडच्या, खांद्याच्या आणि डोक्याच्या उंचीवरच्या, मागे वाकलेल्या.

"वीट आली असेल बाहेर," डोनल म्हणाला.

तारा सरळ करून आम्ही ट्रॉली फिरवली, उलटं येताना चौकटही फिरवून लावली, म्हणजे तिची डावी कड कोनाड्याकडेच राहिली. ह्या वेळी मी बॅटरी घेऊन त्या कडेच्या तारांच्या बाजूनेच चालले. कोनाडा जवळ आला. भिंत चौकटीपासून हातभर लांब होती, मध्ये मोकळी हवा. माझ्या डोळ्यांसमोर पहिली तार वाकली. घासल्याचा आवाज नाही, झटका नाही. एखाद्याच्या बाहीला लागून पुढे जावी तशी ती हळूच मागे गेली. मग दुसरी. मग तिसरी, जरा वरची. मी बॅटरी धरलेला हात पुढे करणार होते, तो करवला नाही.

डोनलने ट्रॉली थांबवली नाही. उलट जोरात ढकलली. केतकी माझा दंड धरून चालत होती आणि तिची बोटं रुतत होती. लहानपणी अंधाराला भ्यायची तेव्हा अशीच धरायची.

बाहेर आयलीनबाई छत्री घेऊन उभ्या होत्या. चौकटीकडे न बघताच त्यांनी विचारलं, "डाव्या बाजूच्या ना?"

डोनलने मान हलवली. "या, चहा घ्या," त्या म्हणाल्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली होती. सोडा ब्रेड (यीस्टऐवजी खाण्याचा सोडा घालून केलेला जाड, तपकिरी पाव) आणि लोणी होतं. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. आयलीनबाईंनी पावावर लोणी आणि त्यावर चटणी थापली, खाल्ली, डोळ्यांतलं पाणी पुसलं, आणि पुन्हा थापली. खिडकीतून बोगद्याचं तोंड दिसत होतं. त्यांची खुर्ची त्या खिडकीसमोरच होती, आणि तिच्या हातांवरचा रंग झिजून गेला होता.

"माझा भाऊ मायकल," त्या म्हणाल्या. "रूळ तपासायचं काम. रोज सकाळी लांब दांड्याची हातोडी घेऊन ह्या तोंडाने आत जायचा, त्या तोंडाने बाहेर यायचा, मग परत. मी शाळेत जायची. त्या दिवशी हे नवीन परदेशी इंजिन चाचणीला आलं. अजून खांदा कापला नव्हता त्याचा. वेळापत्रकात नव्हतं. शिट्टी दिली नाही, का दिली नाही ते कुणी कधी सांगितलं नाही. इंजिन आत गेलं, बाहेर आलं. मायकल आला नाही."

"मग... सापडले?" केतकीने हळूच विचारलं.

"हातोडी सापडली. कोनाड्यात टेकवून ठेवलेली. बाकी काही नाही, इंजिनावर ओरखडासुद्धा नाही. कचेरीतले म्हणाले, पळाला असेल. गाव म्हणालं, इंग्लंडला गेला. तेव्हा पुष्कळ जायचे. आईला टाकून, न सांगता गेला, असं लोक तिच्या तोंडावर म्हणायचे. ती मरेपर्यंत." त्यांचा आवाज कुठे हलला नाही. "मग तो नकाशेवाला आला, चौकट घेऊन, तुमच्यासारखीच. तीन वेळा आत गेला. बाहेर आला तेव्हा चेहरा पांढराफटक. इथे ह्या खुर्चीत बसला. आईला म्हणाला, 'बाई, मी त्याच्यासाठी जागा ठेवतो.' एवढंच. महिन्याभराने इंजिन परत आलं ते खांदा कापून."

शेगडीतलं लाकूड सरकलं आणि आम्ही सगळेच दचकलो.

"त्या खांद्याशिवाय कुणी, कधी, मान्य केलेलं नाही की माझा भाऊ पळाला नाही," आयलीनबाई म्हणाल्या. "तुम्ही तो सरळ केलात की तो इंग्लंडला गेला."

डोनल मान खाली घालून कप फिरवत होता. तो वाईट माणूस नव्हता. "मला हे कुणी सांगितलंच नव्हतं, आयलीन," तो म्हणाला.

"तू विचारलं नव्हतंस."

मला त्या घटकेला आमचे मुकादम आठवले. घाटात बोगद्याची मापं घ्यायला जायचो तेव्हा ते तोंडाशी थांबायचे, शिट्टी फुंकायचे आणि हाळी द्यायचे, "कोनाड्यात व्हाऽऽ, गाडी येतीय!" आत कुणी असो वा नसो. फाटा बंद असो, रविवार असो, नुसती ट्रॉली असो. हाळी दिल्याशिवाय बोगद्यात पाऊल टाकायचं नाही, हा धर्म. आणि मी आज बंद फाटा आहे म्हणून दोनदा तशीच आत शिरले होते. मायकललाही कुणी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही कुणी सांगितलं नव्हतं. माझा मलाच राग आला.

"अजून एकदा जायचंय," मी उठून म्हटलं.

"आई, please," केतकी म्हणाली. पण तिने रेनकोट घातला.

तोंडाशी ट्रॉली उभी केली. डोनलकडे स्टेशनमास्तरची जुनी शिट्टी होती, ती त्याने दिली. मी फुंकली. मग छातीत हवा भरून, मुकादमांच्या सुरात, ओरडले, "कोनाड्यात व्हाऽऽ! गाडी येतीय!" मराठी तिथे कुणाला कळणार, हा विचार ओरडून झाल्यावर आला. आवाज आत गेला, वळणावरून फिरला आणि परत आला नाही. टिपटिपसुद्धा थांबली. आम्ही तिघं तसेच उभे राहिलो, आणि मला स्पष्ट वाटलं की आत जागा झाली. कसं वाटलं ते सांगता येत नाही. भरलेल्या खोलीतून कुणी उठून गेलं की न बघताही कळतं, तसं.

आम्ही गेलो. कोनाड्यापाशी मी बॅटरी तारांवर धरली. एकही हलली नाही. कोनाड्यात बॅटरी मारायची हिंमत मात्र मला झाली नाही. जाताना तिकडे तोंड करून मान तेवढी लववली. त्या टोकाला जाऊन परत आलो, परतताना पुन्हा हाळी दिली. सगळ्या तारा सरळ.

आयलीनबाई खणीच्या तोंडापर्यंत आल्या होत्या. "काय म्हणालात तुम्ही त्याला?"

मी सांगितलं. गाडी येतेय, कोनाड्यात व्हा, असं म्हणाले.

त्यांनी छत्री मिटली, पावसातच. "आणि तो झाला?"

"झाला."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्यांना जवळ घेतलं. त्या ताडमाड, मी जेमतेम त्यांच्या खांद्याएवढी, पण जमेल तसं धरलं.

डोनल चौकटीभोवती फिरून तारा पाहत होता. जरा वेळाने घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे, मोकळं आहे. शिट्टी दिली, हाक मारली, की मोकळं. मग भिंत सरळ करायला..." त्याचा त्यालाच धीर झाला नाही, पण प्रश्न रास्त होता. रविवारी गावाला गाडीत बसवायचं होतं आणि केबिनमध्ये दुसऱ्या माणसाला बसायला जागा नव्हती.

आयलीनबाई माझ्याकडे बघत होत्या. केतकीही. रिपोर्ट तिचा होता, पण वाट माझ्या बोलण्याची होती.

मी मराठीतच म्हटलं, "आमच्यात एकच नियम. जितकी मापं घेतली, त्यातलं सगळ्यांत अडचणीचं धरायचं. तो सरकला, कारण आपण सांगितलं. उद्या कुणी सांगायला विसरलं तर? समोरचा बाजूला होईल असं धरून इंजिन बनवत नाहीत."

केतकीने ते इंग्रजीत सांगितलं. डोनलने टोपी काढली, डोकं खाजवलं, बोगद्याकडे पाहिलं. "ग्रँड," तो म्हणाला. त्या एका शब्दाचा आणखी एक अर्थ मला तेव्हा कळला.

केतकीने रात्री, नव्हे, तिन्हीसांजेलाच रिपोर्ट पुरा केला. सॉफ्टवेअरने बुजवलेलं भोक तिने परत उघडलं. शेजारी लिहिलं, माप मिळालं नाही, जागा सोडावी. "Boss ने विचारलं तर काय सांगू?" ती म्हणाली.

"आईने सांगितलं म्हणून सांग."

"That'll go down well," ती हसली. दिवसभरात पहिल्यांदा.

पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो, तेव्हा ऊन पडलं. तिथे ऊन पडलं की लोक लग्नाला निघाल्यासारखे दिसतात. स्टेशनवर सगळं गाव होतं, बेकनचा वास होता, अकॉर्डियन होता. इंजिन हिरव्या रंगात, डावा खांदा आखडून उभं. नवा पत्रा शेडमध्ये तसाच कोरा होता, डोनलने तो आडवा टाकून त्यावर चहाचे कप मांडले होते. दुसरा माणूस केबिनच्या मागच्या बाजूला स्टुलावर बसणार होता.

आयलीनबाई निळा कोट घालून आल्या. मायकल गेला त्या दिवसानंतर त्या बोगद्यात कधीच शिरल्या नव्हत्या. पहिल्या डब्यात डावीकडच्या खिडकीशी बसल्या, आणि मला समोर बसवलं.

गाडी खणीत शिरली. अकॉर्डियन थांबला. बोगद्याच्या तोंडाशी, काटेरी झाडाखाली, डोनलने गाडी थांबवली आणि लांब शिट्टी दिली. मग इंजिनाच्या खिडकीतून तो राक्षस पूर्ण ताकदीने ओरडला, "कोनॅड-यॅट वाऽऽ! गॅडी येट्टी!" सगळा डबा हसला. त्याला वाटलं असणार, भाषा बदलून उगाच जोखीम कशाला.

अंधार झाला. दिवे लागले नाहीत, की डोनलने मुद्दाम लावले नाहीत, कोण जाणे. काचेवर थेंब आडवे पळत होते. हसणं आपोआप विरलं. मी कोनाड्याची जागा मनात मोजत होते. ती आली तेव्हा आयलीनबाईंनी तळहात काचेला लावला आणि शेजारच्या घरात हाक मारावी इतक्या साध्या आवाजात बोलल्या.

"मायकल, आई गेली. तिला माहीत होतं. घर मी विकलं नाही."

मला रडू फुटलं. अंधार होता म्हणून बरं झालं. उजेडात आलो तेव्हा त्यांचा हात काचेवर तसाच होता, आणि चेहरा शाळेत जाणाऱ्या मुलीचा होता.

निघताना त्यांनी मला सोडा ब्रेड दिला, मी चटणीचा डबा. "पुन्हा येशील तेव्हा आधी कळव," त्या म्हणाल्या. "मी त्यालाही सांगून ठेवीन."

पुण्याला परतताना मुंबईहून मी मुद्दाम दिवसाची गाडी घेतली. खिडकी मिळाली. घाट सुरू झाला, तोच घाट, ज्यातला एकेक बोगदा मी कागदावर उतरवला आहे. भिंत आणि डबा यांच्यात किती जागा आहे हे मला झोपेतही सांगता येईल. ती जागा कशासाठी असते, असं कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, गाडी हलते-डुलते, त्यासाठी. पुस्तकात तसंच आहे.

पहिल्या बोगद्याच्या तोंडाशी इंजिनाने शिट्टी दिली. समोरच्या बाई विचारत होत्या, सफरचंद खाणार का. मी त्यांना थांबा म्हणून खूण केली, आणि खिडकीच्या चौकटीवर टेकवलेला कोपर आत ओढून घेतला.